सूनबाई 226 किलोमीटर जाणार, घरानं काय करायचं?

फ्रँकफर्टजवळ राहणाऱ्या, मूळच्या औसा तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलंय. लांबलचक आहे, म्हणून मी थोडक्यात सांगते. त्यांची बायको येत्या उन्हाळ्यात पूर्ण अंतराच्या आयर्नमॅनला, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं सलग करायच्या शर्यतीला, उतरणार आहे. पहाटे पाचला तळघरात सायकल, दुपारच्या सुट्टीत पोहणं, संध्याकाळी पळणं. लेकरं दोन, सहा आणि नऊ वर्षांची. हे गृहस्थ डबे भरतात, शाळेत सोडतात, कुरकुर करत नाहीत. पण, "सगळे तिचं कौतुक करतात आणि मला विचारतात, मग मुलांचं कोण बघतं? तेव्हा आतून चिडचिड होते, आणि त्या चिडचिडीचीच लाज वाटते." त्यात डिसेंबरात चार आठवडे गावी यायचंय आणि तिचं वेळापत्रक तिथंही चालू राहणार. आईनं आत्ताच फोनवर सुनावलंय, "पोरीची हाडं वर आली की रे! जेवू घालीत नाहीस का तिला?"

दादा, तुम्हाला उत्तर लिहायचा मला खरं तर अधिकार नाही. या परीक्षेत मी एकदा सपशेल नापास झालेय. आम्ही मस्कतला होतो तेव्हा आमच्या ह्यांनी अर्ध्या अंतराच्या शर्यतीची तयारी केली. सहा महिने मी "काही हरकत नाही, जा तुम्ही" म्हणत राहिले. मग एका शुक्रवारी सायकलच्या बाटलीचं झाकण उघडलं. आत चार दिवसांचं आंबलेलं सरबत. तो वास आला आणि बाटली मी सिंकमध्ये आपटली, सहा महिन्यांचं सगळं एका दमात बाहेर आलं. भांडण बाटलीचं नव्हतं, हे कळायला त्यांना आठवडा लागला. मलाही लागलाच.

तेव्हा "हरकत नाही" हे वाक्य आधी घरातून हद्दपार करा. हरकत असतेच, आणि असली म्हणून तुम्ही वाईट नवरा ठरत नाही. 3.8 किलोमीटर पोहायचं, 180 किलोमीटर सायकल चालवायची आणि वर 42.2 किलोमीटर पळायचं. तेही सलग, एकाच दिवसात. याची तयारी आठवड्याला दहा ते पंधरा तास मागते, शेवटच्या महिन्यांत त्याहून जास्त. कागदावर दिसतात तेवढेच तास जात नाहीत हा तुमचा अनुभव असेलच. पाच तासांची सायकल म्हणजे टायरात हवा भरणं, बाटल्या, परत आल्यावर अंघोळ, डोंगराएवढं जेवण आणि सोफ्यावर पडल्या पडल्या लागलेली झोप. रविवार संपला.

हे सगळे तास भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. रविवारी रात्री लेकरं झोपली की पंधरा मिनिटं दोघांनी बसायचं. तिचे तास लिहायचे आणि त्याच शाईनं तुमचेही. तुमचे म्हणजे किराणा आणायचे नव्हेत, तुमचे स्वतःचे. क्रिकेट असेल, पुस्तक असेल, नुसतं लोळणं असेल. आणि आठवड्यातली एक संध्याकाळ अशी ठेवा, की त्या दिवशी घरात हृदयाचे ठोके आणि सायकलचे वॅट हा विषय काढायचा नाही. हा नियम आम्ही फार उशिरा केला.

लोकांच्या प्रश्नाला मात्र "आम्ही दोघं मिळून मॅनेज करतो" असलं गुळगुळीत उत्तर देऊ नका. "मुलांचं कोण बघतं?" "मी बघतो, माझीच आहेत." एवढं पुरे. नवरा पळत असताना हा प्रश्न मला कुणी एकदाही विचारला नव्हता, हे जाता जाता सांगते.

आता गावाकडं येऊ, कारण खरी गाठ तिथंच आहे.

सगळ्यात आधी, विमानात बसायच्या आधी, तुम्ही स्वतः आईवडिलांशी बोला. तिच्या माहेरी ती बोलेल, तुमच्या घरी तुम्ही. सून सकाळी सकाळी घट्ट कपड्यात सायकल घेऊन बाहेर पडली आणि सासऱ्यांना ते ओसरीवर बसल्या बसल्या कळलं, तर पुढचे चार आठवडे ती स्वयंपाकघरात खुलासे देत राहील. कपडे काय घालायचे ते ती ठरवेल. घरच्यांना सांगायचं काम तुमचं. आयर्नमॅन म्हणजे काय हे समजावताना, ही शर्यत जिथं सुरू झाली त्या हवाई बेटांपासून सुरुवात करू नका. संभाजीनगरहून पुण्याला जाण्याइतकं अंतर, त्यातलं थोडं पोहून, बरंचसं सायकलवर आणि उरलेलं पळून, असं सांगा. आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना वारी माहीत आहे. अंगाला त्रास देऊन माणूस का चालतो, हा प्रश्न त्यांना तुमच्या ऑफिसातल्या लोकांएवढा अवघड वाटत नाही. मिलिंद सोमणनं 2015 साली पन्नाशीला पोचताना झुरिकला ही शर्यत पूर्ण केली, हे पाहुण्यांतला कुणीतरी पुरुष सांगेलच. तेव्हा तुम्ही सांगा, की 1979 साली हवाईतल्या दुसऱ्याच शर्यतीत लिन लेमेअर ही एकटी बाई उतरली होती आणि सगळ्यांत पाचवी आली.

रस्त्याचं ऐका. जर्मनीतल्या तळघरातून आलेल्या माणसाला आपल्याकडचा डिसेंबर म्हणजे स्वर्ग. कोरडी हवा, थंड सकाळ, दुपारीही सोसवेल असं ऊन. पण हाच उसाचा हंगाम. दोन दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रभर कारखान्याकडं चाललेले असतात. कित्येक ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो, रिफ्लेक्टरही नसतो, आणि ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला असतो. अंधारात सायकल नको म्हणजे नको. डिसेंबर अखेरीस आपल्याकडं उजाडायलाच पावणेसात होतात. तिची पहाट पाचची असली तरी इथं सातला निघावं. समृद्धी महामार्ग मोकळा दिसतो म्हणून कुणी सुचवेल, पण तिथं दुचाकीलाच बंदी आहे. तालुक्याच्या दोन गावांमधला, उसाच्या वाहतुकीचा नसलेला रस्ता शोधा आणि त्यावरच येरझाऱ्या घाला. कंटाळवाणं होतं, पण घरी परत येता येतं. कुत्री मागं लागली तर उतरून सायकल मध्ये धरायची आणि शांतपणे चालायचं.

तुम्ही गाडी घेऊन मागं मागं फिरू नका. मी एकदा केलं होतं. त्यांना वाटलं मी पाळत ठेवतेय, मला वाटलं माझी कदर नाही. त्यापेक्षा मोटारसायकलवर तीस किलोमीटर पुढं जाऊन एखाद्या टपरीवर चहा घेत थांबा, पाणी द्या, पुन्हा पुढं जा. निघताना तीनच प्रश्न विचारायचे. किती, कुठल्या रस्त्यानं, परत कधी. "आज नाही गेलीस तर नाही का चालणार?" हे विचारू नका. "तुला जमेलच" हेही फार वेळा म्हणू नका, त्याचं ओझं होतं.

अख्खी सायकल खोक्यात भरून आणायची की नाही यावर घरोघरी वाद होतात. माझं मत, चार आठवड्यांसाठी आणू नये. तिची बैठक, पेडल आणि बूट आणा, इथल्या कुणाच्या तरी बऱ्या सायकलला लावा, उंची तिच्या मापानं करा. पोहण्याचं काय, तर तालुक्याच्या गावी तलाव असलाच तर हिवाळ्यात पाणी बर्फासारखं, आणि बायकांची वेळ नेमकी लेकरांच्या जेवणाची. 2016 साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं प्यायचं पाणी आणावं लागलं, तिथं पोहण्याच्या पाण्यावरून फार चिडूही नये. हातांसाठी रबरी पट्टे आणा, दाराच्या कडीला अडकवून ओढायचे. महिनाभर पोहणं कमी झालं तर उन्हाळ्यातली शर्यत बुडत नाही. चुलत दीर "विहिरीत पोहा की वहिनी, आम्ही तिथंच शिकलो" म्हणतील. चार हात मारले की दगड लागतो, आणि एकटीनं तर मुळीच उतरू नये.

या सगळ्यात एक दिवस तुमच्या बाजूनं आहे, तो म्हणजे वेळ अमावस्या. आपल्या येळवशीला डिसेंबरात किंवा जानेवारीच्या सुरुवातीला सगळं गाव शेतात असतं, तारीख पाहूनच तिकिटं काढा. तिची त्या आठवड्यातली सगळ्यात लांब सायकल त्याच सकाळी ठेवा आणि ती संपू द्या तुमच्या शेतात, कडब्याच्या कोपीसमोर. तुम्ही, लेकरं, आई, आंबिलीचं मडकं, सगळे जीपमधून. तिचे कोरडे कपडे तुमच्याकडं. घामानं भिजलेल्या माणसाला आंबट-खारट आंबील, भज्जी ही मिसळ भाजी आणि बाजरीचे उंडे यांहून चांगलं काय देणार? आईंच्या हातचं ती त्या दिवशी तीन माणसांचं खाईल. "जेवू घालीत नाहीस का" हा विषय तिथंच मिटायची शक्यता आहे. निदान त्या दिवसापुरता.

जेवणाचं थोडं. लांबच्या सायकलवर दर तासाला साधारण साठ ग्रॅम कर्बोदकं पोटात जावी लागतात. एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतात, त्यावरून अंदाज घ्या. एक लिटर पाण्यात पाच मोठे चमचे साखर, पाव छोटा चमचा मीठ आणि लिंबू पिळलं की तासाभराची सोय झाली. नुसतं साधं पाणी ढसाढसा पीत राहणं तासन्‌तासांच्या कष्टात धोक्याचं असतं, रक्तातलं मीठ उतरतं. शेंगदाण्याचा लाडू घरी आल्यावर; सायकलवर तो पोटात बसून राहतो. ज्वारीची भाकरी एरवी रोज खुशाल खावी, शर्यतीच्या आदल्या दिवशी मात्र कोंडा कमी, भात बरा. मार्गशीर्षातले गुरुवार ती धरत असेल तर त्या दिवशी विश्रांती ठेवायला सुचवा. उपवास आणि शंभर किलोमीटर एकत्र नको.

तुमच्या आईची काळजी मी हसण्यावारी नेणार नाही. आपल्या बायकांत रक्तातलं लोह कमी असणं ही घरोघरची गोष्ट आहे. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तपासून घ्या. आणि पाळी लांबली किंवा बंद झाली, तर ते चांगल्या तयारीचं लक्षण नसतं. खर्चाच्या मानानं अन्न कमी पडतंय, असा त्याचा अर्थ असू शकतो, म्हणून डॉक्टरांकडं जायचं. हे तिला सांगताना "किती वाळलीस" असं न म्हणता, "तपासणी कधी करायची?" असं विचारा. वजनावर तुम्ही बोलूच नका, चांगलंही नको आणि वाईटही.

शर्यतीच्या दिवशी तुमचं काम सगळ्यात कमी आणि सगळ्यात अवघड. 1978 साली हवाईत पहिली शर्यत झाली, पंधरा जण उतरले, बारा जणांनी ती पूर्ण केली. तेव्हा प्रत्येकानं आपापली मदतनीस मंडळी आणायची असा रिवाज होता. आघाडीवरच्या जॉन डनबारच्या मंडळींकडचं पाणी संपलं, त्यांनी त्याला बिअर पाजली, आणि तो दुसरा आला. आता बाहेरच्यानं काही द्यायचंच नाही, असा नियम आहे. तो मला 2019 साली गोव्यात कळला. अर्ध्या अंतराची शर्यत तिथं पहिल्यांदाच झाली, आणि मी उन्हात दोन तास उभी राहून सोललेलं केळं पुढं केलं. ह्यांनी तोंड फिरवलं आणि पळत निघून गेले. मी रस्त्यावर रडले. घेतलं असतं तर कदाचित बाद झाले असते, हे संध्याकाळी समजलं. तेव्हा स्पर्धकांसाठीची पुस्तिका तुम्हीही वाचा. लेकरांना घेऊन शेवटची रेषा ओलांडता येईल का, वेळेची मर्यादा किती (बहुतेक ठिकाणी 17 तास, काही ठिकाणी कमी), हे त्यात असतं.

तिची शर्यत फ्रँकफर्टचीच असेल तर पहाटे पोहण्याच्या वेळी लांगेनच्या तळ्यावर लेकरांना ओढत नेऊ नका. टोप्या घातलेल्या शेकडो डोक्यांत आई सापडत नाही. पळणं मेन नदीच्या काठानं फेऱ्यांमध्ये असतं, तिथं ती पुन्हा पुन्हा दिसेल. दुपारनंतर एकाच झाडाखाली मुक्काम ठोका. धपाटे करून न्या, दोन दिवस टिकतात. ते तिच्यासाठी नाहीत, तुमच्यासाठी आणि लेकरांसाठी आहेत.

अर्ध्यात थांबावं लागलं तर काय बोलायचं, हेही पत्रात विचारलंय. काही बोलू नका. पिशवी हातात घ्या, बूट काढायला मदत करा, गाडी आणा. "पुढच्या वेळी" हा शब्द त्या रात्री कुणीच काढायचा नाही.

पूर्ण झाली तरी पुढचे दोन-तीन आठवडे ती उदास, रिकामी वाटू शकते. वर्षभराचा पहाटेचा उद्योग एकदम संपलेला असतो. याच दिवसांत माणूस रात्री अकराला मोबाइलवर पुढच्या शर्यतीचे पैसे भरून टाकतो. आमच्याकडं हे झालंय. म्हणून आजच ठरवून घ्या, की नवी नोंदणी महिनाभर नाही, आणि होईल ती रविवारच्या त्या पंधरा मिनिटांत, कॅलेंडर समोर ठेवून. कदाचित तोवर तुम्हालाच काहीतरी करावंसं वाटत असेल, आणि डबे भरायची पाळी तिची.

शर्यत संपल्यावर औशाला पहिला फोन मात्र तुम्ही करू नका, तिला करू द्या. आई आधी विचारतील, "जेवलीस का?"