मेटफॉर्मिन एसआर गोळीत पहिल्या तासातच अर्धं औषध सुटतंय, पॉलिमर किती वाढवू?

तुमचा फॉर्म्युला असा: ५०० मिग्रॅ मेटफॉर्मिन (मधुमेहावरचं औषध), ७५० मिग्रॅची एसआर, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी, २० टक्के एचपीएमसी के१००एम (पाण्यात फुगून जेल होणारं पॉलिमर), आणि पहिल्या तासात ५० टक्के रिलीज. आकडाच हवा असेल तर ३० ते ३५ टक्क्यांपासून सुरुवात करा. बाकीचे घटक तेवढेच ठेवले तर गोळी साधारण ८६० ते ९२० मिग्रॅवर जाईल. पण टक्का वाढवला की काम झालं असं नाही. कुठल्याही एसआर गोळीला 'पॉलिमर वाढवा' हा एकच उपाय सुचवणाऱ्यांशी माझं कधीच पटलेलं नाही.

गोळी चाचणीच्या द्रवात (माध्यमात) पडली की पृष्ठभागावरच्या एचपीएमसीला पाणी शोषून, फुगून, सलग जेल व्हायला काही मिनिटं लागतात. मेटफॉर्मिन पाण्यात इतकं विरघळतं की ते तोवर थांबत नाही. २० टक्क्यांना तर पॉलिमरचे कण एकमेकांना धड टेकतही नाहीत. जेलमध्ये फटी राहतात, पाणी थेट आत शिरतं आणि एकाच बॅचच्या सहा गोळ्या सहा तऱ्हेने वागतात.

अर्ध्या तासाने एक गोळी चिमट्याने बाहेर काढा आणि ब्लेडने आडवी कापा. मध्ये कोरडा पांढरा गाभा आणि भोवती सगळीकडे सारख्या जाडीचं पारदर्शक जेल दिसलं, तर मॅट्रिक्स, म्हणजे औषध धरून ठेवणारा पॉलिमरचा सांगाडा, ठीक आहे. तरीही रिलीज जास्त असेल, तर औषध पृष्ठभागावरूनच निसटतंय. कडा भुसभुशीत असतील, भांड्याच्या तळाशी चुरा साचला असेल, तर जेल धरण्याआधीच गोळी फुटतेय. अशा वेळी एचपीएमसीचं कणमान तपासा. सीआर (कंट्रोल्ड रिलीज) ग्रेड घ्या, ज्याचे बहुतेक कण १०० मेशच्या चाळणीतून जातात. जाडसर कण उशिरा फुगतात, आणि तिथे टक्का वाढवून फारसं काही हाती लागत नाही.

ग्रॅन्युलेशनमध्ये, म्हणजे पावडरचे दाणे करताना, औषध पीव्हीपी के३० किंवा सोडियम सीएमसी या बांधणाऱ्या पॉलिमरबरोबर बांधा, एचपीएमसीचा मोठा भाग बाहेरून कोरडा मिसळा. आत सीएमसी, बाहेर एचपीएमसी ही जोडी मेटफॉर्मिनला चांगली मानवते. ग्रॅन्युल्स हाडासारखे कोरडे करू नका, कॅपिंग होतं, म्हणजे गोळीचा वरचा थर सुटून येतो. के१००एमच्या पुढची व्हिस्कॉसिटी (जेलचा घट्टपणा) घेण्यात अर्थ नाही. इतक्या विद्राव्य औषधात रिलीज डिफ्यूजनवर, म्हणजे औषध जेलमधून झिरपण्यावर, चालतं, आणि एका मर्यादेपुढे जेल आणखी घट्ट झाल्याने डिफ्यूजन फारसं मंदावत नाही.

डिझोल्यूशन चाचणीत (गोळीतून द्रवात किती औषध सुटलं ते मोजताना) सॅम्पल १५ आणि ३० मिनिटांनाही घ्या. १, ३, ६, १० तास एवढेच बिंदू घेऊन आणि कोर्समायर-पेपास (रिलीजचं गणिती समीकरण) लावून 'आर स्क्वेअर ०.९९' मिरवणाऱ्या प्रोजेक्ट रिपोर्टांचा मला मनापासून राग येतो. ते समीकरण पहिल्या ६० टक्के रिलीजपुरतंच खरं. तुमचं निम्मं औषध पहिल्या तासातच गेलंय, मग बसवणार काय? चाचणीत पॅडल (ढवळणारं पातं) वापरत असाल तर गोळीला सिंकर (तारेची जाळी) लावा, नाहीतर गोळी तळाला चिकटते आणि खालची बाजू झाकली जाते.

आणि हो, रिलीज हवा तितका लांबवूही नका. मेटफॉर्मिन मुख्यतः लहान आतड्याच्या वरच्या भागात शोषलं जातं. १६ तास सुटत राहिलेल्या गोळीचा शेवटचा हिस्सा मोठ्या आतड्यात जाऊन वाया जातो. म्हणूनच ही गोळी जेवणाबरोबर देतात, जठरात जास्त वेळ राहावी म्हणून.

हे सगळं अतिविद्राव्य औषधाचं झालं. कमी विरघळणाऱ्या औषधाला एचपीएमसीचे कमी घट्ट ग्रेड, के१००एलव्ही किंवा के४एम, घ्या, तिथे रिलीज मुख्यतः जेलच्या झिजेवर चालतं. अल्कोहोलमधली डिझोल्यूशन चाचणीही टाळू नका. हायड्रोमॉर्फोन या अफूवर्गीय वेदनाशामकाचं पॅलाडोन २००५ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून मागे घ्यावं लागलं, कारण दारूबरोबर घेतल्यास सगळा डोस एकदम सुटण्याचा धोका होता. शिवाय गोळीवर मधोमध रेघ देणार असाल, तर अर्ध्या गोळीची डिझोल्यूशन वेगळी करा. तुटलेल्या बाजूमुळे पृष्ठभाग वाढतो, आणि आत्ताचा पहिल्या तासाचा आकडा आणखी वर जाईल.