दुर्बिणीतून ताऱ्यांचा फोटो धूसर येतोय? आधी हे तपास

दुर्बीण खराब नाही, धीर सोडू नकोस. तारा चटकन सापडावा म्हणून फाइंडर (नळीवरची छोटी दुर्बीण) दिवसाउजेडीच जुळव. २५ मिमी आयपीसमध्ये (डोळा लावायचं भिंग) किलोमीटरभर लांबचं टोक मधोमध घे (दौलताबादजवळ असशील तर चांद मिनारचा कळस उत्तम), मग फाइंडरचे स्क्रू फिरवून तेच त्याच्या फुलीवर आण. सूर्याकडे नळी चुकूनही वळवू नकोस, डोळा जाईल.

नवखे सगळे एकाच ठिकाणी चुकतात: आयपीसमधून स्पष्ट दिसलं की तसाच कॅमेरा लावतात. सेन्सरची जागा वेगळी, म्हणून फोकस पुन्हा करावाच लागतो. ठळक तारा घे, लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं चालू दृश्य) १० पट मोठा कर, तारा अगदी बारीक टिंब होईपर्यंत दुर्बिणीचा फोकस नॉब सावकाश फिरव.

आपल्याकडं उन्हाळ्यात गच्ची रात्रीही धगधगते, तारे थरथरतात. शेतात मांड, तासभर दुर्बीण निवू दे. स्टॅकिंगचं (अनेक फोटो एकावर एक जोडण्याचं) नंतर बघू.