पाळीवरच्या माणसाचे मत

प्रश्न : माझी धाकटी बहीण गेली अनेक वर्षे अमेरिकेतील आयोवा राज्यात परिचारिका म्हणून नोकरी करते. ती तिथली नागरिक आहे आणि डेमोक्रॅटिक पक्षाची मतदार म्हणून तिची रीतसर नोंदही आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये अध्यक्षपदाचा उमेदवार निवडण्यासाठी पक्षाची सभा संध्याकाळी सात वाजता होती आणि तिची पाळी दुपारी तीन ते रात्री अकरा. पाळी बदलून मिळाली नाही. टपालाने किंवा आदल्या दिवशी मत देण्याची सोय नाही, असे तिला सांगण्यात आले. मी इथे मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी घेऊन मत देतो. तिच्या वाट्याला हे का यावे? — एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या बहिणीला जे सांगण्यात आले ते त्या वेळच्या नियमांनुसार खरे होते, आणि म्हणूनच तिची तक्रार रास्त आहे. तिच्या रुग्णालयाला किंवा पाळी ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही, कारण दोष पद्धतीतच आहे.

अमेरिकेत पक्षाचा उमेदवार ठरवण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. बहुतेक राज्यांत ‘प्रायमरी’ होते. ती बहुतांश ठिकाणी सरकारी यंत्रणा घेते, केंद्रे दिवसभर उघडी असतात आणि टपाली मताची काही ना काही तरतूद असते. दुसरी रीत ‘कॉकस’ची. ही सभा पक्ष स्वतः भरवतो, त्यामुळे सरकारी मतदानाला लागू असलेले वेळेचे आणि टपालाचे नियम तिला लागू होत नाहीत. आयोवात १९७२ पासून देशातली पहिली सभा भरत आली, आणि त्या पहिलेपणामुळे एका लहान राज्याच्या एका संध्याकाळीला मोठे वजन प्राप्त झाले.

२०२० पर्यंत ती संध्याकाळ प्रत्यक्षात कशी असे, हे डोळ्यांसमोर आणल्याशिवाय अडचण कळत नाही. राज्यभर सोळाशेहून अधिक ठिकाणी, बहुधा शाळेच्या व्यायामशाळेत, चर्चच्या तळघरात किंवा ग्रंथालयात, लोक जमत. सातच्या ठोक्याला जो रांगेत असेल त्यालाच आत प्रवेश मिळे. नावनोंदणी होई, पत्रे वाचली जात, भाषणे होत, आणि मग डेमोक्रॅटिक पक्षाच्या सभेत लोक आपापल्या उमेदवाराच्या फलकाखाली जाऊन उभे राहत. डोकी मोजली जात. ज्या गटात उपस्थितांच्या पंधरा टक्के माणसे भरत नसत, त्या गटाने दुसरीकडे वळायचे किंवा घरी जायचे. मग पुन्हा मोजणी. शेजारीपाजारी, घरमालक, दुकानदार, कधी आपला वरिष्ठ, सगळ्यांच्या देखत आपण कुठे उभे आहोत हे दाखवावे लागे. (रिपब्लिकन पक्षाच्या सभेत चिठ्ठीवर नाव लिहून देतात, तेवढी गुप्तता तिथे आहे; पण सातला हजर राहण्याची अट तिथेही आहे.) या सगळ्याला दीड-दोन तास सहज जात.

आता हे दोन तास कोणाजवळ असतात, याचा विचार करावा. निवृत्त माणसाजवळ असतात, कार्यालयातून पाचला सुटणाऱ्याजवळ असतात, मूल सांभाळायला घरात दुसरे कोणी असलेल्या पालकाजवळ असतात. उपाहारगृहात भांडी घासणारा, मांस प्रक्रिया कारखान्यात दुसऱ्या पाळीला उभा असलेला कामगार, मालमोटारीवरचा चालक, वृद्धाश्रमातली सेविका, परदेशी तळावरचा सैनिक यांच्याजवळ ते नसतात. सभेत मत मोजण्यापूर्वी मोकळा वेळ मोजला जातो, आणि तासावर मजुरी मिळवणाऱ्याकडे सर्वांत कमी असते ते हेच.

आपण आपल्याकडच्या सुट्टीचा उल्लेख केला आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ ब नुसार मतदानाच्या दिवशी मालकाने भरपगारी सुट्टी देणे बंधनकारक आहे, हे बरोबर. पण ज्यांच्या गैरहजेरीने धोका उद्भवेल अशा कामांना त्यात अपवादही आहे, म्हणजे परिचारिकेला इथेही पूर्ण सुट्टी मिळेलच असे नाही. तरीही तिचे मत बुडत नाही, कारण आपले केंद्र साधारणपणे सकाळी सात ते संध्याकाळी सहापर्यंत उघडे असते आणि दुपारच्या पाळीची परिचारिका सकाळी आठला शाई लावून येऊ शकते. तिला सुट्टीपेक्षा केंद्राच्या उघड्या दाराचा आधार अधिक असतो. ग्रामसभा भरदुपारी ठेवली की शेतमजूर आणि रोजावर जाणाऱ्या बाया येऊ शकत नाहीत, हे ज्याने पाहिले आहे त्याला आयोवातली अडचण समजावून सांगावी लागणार नाही.

या पद्धतीने किती माणसे बाहेर राहतात, हे आकड्यांत दिसते. २०१६ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या प्रायमरीत निम्म्याहून अधिक पात्र मतदारांनी भाग घेतला. त्याच्या आठवडाभर आधी आयोवात, उमेदवारांनी महिनोन्‌महिने गावोगाव फिरूनही, हे प्रमाण सोळा टक्क्यांच्या आसपास राहिले. त्याहून बोलका दाखला वॉशिंग्टन राज्याचा आहे. तिथे त्याच वर्षी मार्चमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या सभांना सुमारे दोन लाख तीस हजार लोक आले आणि त्यांतील सुमारे ७३ टक्क्यांनी उमेदवारीसाठी हिलरी क्लिंटन यांच्याशी लढणाऱ्या बर्नी सँडर्स यांना कौल दिला. मे महिन्यात त्याच राज्यात टपालाने प्रायमरी झाली. तिच्यात पक्षाच्या आठ लाखांहून अधिक मतदारांनी मते दिली आणि हिलरी क्लिंटन पुढे राहिल्या. दोन महिन्यांत वारे बदलले होते, हे मान्य. परंतु आठ लाखांच्या त्या मतदानाला शून्य किंमत होती, कारण पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी सभांनीच ठरवून टाकले होते. नेब्रास्कातही तेच घडले: सभांना सुमारे तेहतीस हजार, नंतरच्या प्रायमरीत सुमारे ऐंशी हजार, निकाल उलटा आणि मोजला गेला तो लहान आकडा. यात सँडर्स की क्लिंटन हा माझा मुद्दाच नाही. उलट कौल लागला असता तरी मी हेच लिहिले असते.

सभांच्या बाजूने जे सांगितले जाते त्यात तथ्य आहे, हेही नोंदवतो. शेजारी समोरासमोर बसून बोलतात, एखाद्याचे मत सभेतच बदलते, आणि दूरचित्रवाणीवरच्या जाहिरातींसाठी पैसा नसलेल्या उमेदवारालाही पायी फिरून जिंकण्याची संधी मिळते. या गोष्टी मोलाच्या आहेत, आणि सभा चर्चेसाठी जरूर भरावी. पण ती मताची एकमेव वाट झाली की चर्चेचे मोल पाळीवरच्या माणसाच्या हक्कातून वसूल होते.

प्रश्न : उमेदवारी हा पक्षाचा अंतर्गत मामला नाही का? आपल्याकडे तिकीट कोणाला द्यायचे हे पक्षश्रेष्ठी ठरवतात, सामान्य सभासदाला कोणी विचारत नाही. मग अमेरिकेतल्या मतदाराने एवढी तक्रार का करावी? — एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्याकडची उणीव ही तिथल्या उणिवेची सबब होऊ शकत नाही. पक्षाने ‘आम्ही श्रेष्ठी ठरवू’ असे उघड सांगितले, तर मतदार त्याचा राग निदान त्या श्रेष्ठींवर काढू शकतो. पण जो पक्ष ‘उमेदवार तुम्ही निवडा’ असे सांगून हजारो सभासदांची नोंद करतो आणि मग दार अशा वेळी उघडतो की त्यातला मोठा वर्ग कामावर असतो, तो आपलेच वचन मोडतो. शिवाय जिथे एकाच पक्षाचे वर्चस्व असते तिथे उमेदवारी हीच खरी निवडणूक असते. यूटाचे उदाहरण घ्यावे. तिथे संध्याकाळच्या सभांतून सुमारे साडेतीन हजार प्रतिनिधी निवडले जात आणि ते अधिवेशनात उमेदवार ठरवत. २०१० मध्ये तीन वेळा निवडून आलेले रिपब्लिकन सिनेटर बॉब बेनेट त्या अधिवेशनातच बाद झाले. राज्यातील सामान्य रिपब्लिकन मतदाराला त्यांच्याबद्दल काय वाटते हे विचारण्याची वेळच आली नाही. पुढे २०१४ मध्ये कायदा झाला आणि सह्या गोळा करून थेट प्रायमरीत उतरण्याची दुसरी वाट उमेदवारांना मिळाली.

कामगारांसाठी सभा कामाच्या जागी नेण्याचा प्रयत्नही झालेला आहे, आणि त्याची हकीकत लक्षात ठेवण्यासारखी आहे. २००८ मध्ये नेव्हाडा राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाची सभा शनिवारी भरदुपारी होती. त्या वेळी लास वेगासमध्ये खोल्या आवरणारे, स्वयंपाक करणारे, ताटे वाहणारे हजारो हात कामात असतात. म्हणून पक्षाने तिथल्या नऊ कॅसिनो-हॉटेलांत खास केंद्रे ठेवली. स्वयंपाकगृह व हॉटेल कामगारांच्या संघटनेने बराक ओबामांना पाठिंबा जाहीर केला आणि लगेच ही केंद्रे बंद करण्यासाठी न्यायालयात दावा गेला. न्यायाधीशांनी तो मानला नाही. कामगार गणवेशातच सभेला बसले, आणि त्यातल्या बहुतेक केंद्रांवर सरशी झाली ती ओबामांच्या प्रतिस्पर्धी हिलरी क्लिंटन यांची. संघटना सांगेल तसे ते मत देतील हे दोन्ही बाजूंनी गृहीत धरले होते. त्यांना बसायला जागा मिळाली तेव्हा त्यांनी स्वतःचे मत दिले. या एका दुपारीसाठी तरी माझा त्या केंद्रांना मनापासून सलाम आहे.

प्रश्न : (सांगलीच्याच वाचकांचे पुरवणी पत्र) आता तिथे काही बदल झाला आहे का, आणि माझ्या बहिणीने काय करावे?

उत्तर : बदल झाला आहे, पण एकाच दिशेने नाही. २०१६ च्या अनुभवानंतर वॉशिंग्टन, मिनेसोटा, कोलोरॅडो, मेन या राज्यांनी अध्यक्षपदासाठी प्रायमरीचा मार्ग धरला. आयोवात डेमोक्रॅटिक पक्षाने २०२० साठी दूरध्वनीवरून सहभागाची योजना आखली होती. सुरक्षेच्या कारणावरून पक्षाच्या राष्ट्रीय समितीने ती नाकारली. त्याऐवजी काही उपकेंद्रांना परवानगी मिळाली. ओटम्वा गावात कामगार संघटनेच्या सभागृहात दुपारीच एक सभा झाली, आणि वराहमांस कारखान्यात दुसऱ्या पाळीला जाणारे, बहुतांशी इथिओपियातून आलेले कामगार तिला आले. एकूण पंधरा जण होते. पंधरा हा आकडा लहान आहे, पण संध्याकाळी सातच्या सभेत तो शून्य झाला असता. अशा केंद्रासाठी कोणीतरी कित्येक आठवडे आधी अर्ज करावा लागत असे, हे आपल्या बहिणीपर्यंत पोहोचलेले दिसत नाही. २०२४ मध्ये मात्र त्याच पक्षाने आयोवात पसंतीपत्रिका टपालाने पाठवल्या. रिपब्लिकन पक्षाने सभा कायम ठेवली; ती १५ जानेवारीला हाडे गोठवणाऱ्या थंडीत झाली आणि उपस्थिती एक लाख दहा हजारांच्या आसपास राहिली, जी २०१६ मध्ये एक लाख सत्त्याऐंशी हजारांच्या घरात होती. मिझुरीत तर उलटी चाल झाली: सरकारी प्रायमरी कायद्याने रद्द झाली आणि रिपब्लिकन मतदारांवर २०२४ मध्ये शनिवारच्या सभेला हजर राहण्याची वेळ आली.

मिनेसोटाचा एक नियम आपल्या बहिणीने आपल्या लोकप्रतिनिधीला जरूर दाखवावा. तिथे दहा दिवस आधी लेखी सूचना दिल्यास कामगाराला पक्षाच्या सभेसाठी रजा मिळतेच. तेवढ्या वेळाचा पगार कापला जातो, पण दुसरी शिक्षा करता येत नाही. दुसरे असे की, डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रत्येक राज्यशाखेला प्रतिनिधी-निवडीचा आराखडा मंजुरीला पाठवण्यापूर्वी तीस दिवस लोकांच्या हरकतींसाठी खुला ठेवावा लागतो. त्या तीस दिवसांत तिने आणि तिच्या पाळीतल्या सहकाऱ्यांनी लेखी हरकत द्यावी. तिच्यात लोकशाहीवर निबंध नको; पाळीची वेळ, सभेची वेळ आणि त्या संध्याकाळी कामावर असलेल्या नोंदणीकृत मतदारांची संख्या, एवढेच लिहून खाली सर्वांनी सह्या कराव्यात.