टॉवेलच्या कारखान्यात मुलाला कुठं बसवायचं?

प्रश्न : मुलगा दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालाय. वय पंधरा पूर्ण. चुलत भावाचा अक्कलकोट रोडला टॉवेलचा कारखाना आहे. निकाल लागेपर्यंत त्याला तिथं पाठवावं म्हणतो. काही शिकेल, की नुसता चहा आणण्यात वेळ जाईल?
– एक पालक, सोलापूर

उत्तर : जरूर पाठवा, पण तो कुणाच्या हाताखाली, कुठल्या टेबलाशी बसणार हे भावाशी आधी बोलून घ्या. चालू पाळीत शिकवायला कुणाला उसंत नसते, म्हणून न ठरवता गेलेली मुलं चहा-झेरॉक्समध्येच अडकतात.

मागांची शेड, डाइंगच्या म्हणजे रंगाच्या टाक्या आणि बॉयलर इथं त्याला अजिबात कामाला लावू नका. मागावर आडवा धागा नेणारा धोटा उडतो, सैल बाही यंत्राच्या पट्ट्यात अडकते. कायद्यानंही 14 ते 18 वयाच्या मुलांना धोक्याचं काम देता येत नाही. इतर कामातही सलग तीन तासांनंतर एक तास विश्रांती, ती धरून दिवसाचे फार तर सहा तास, आणि संध्याकाळी 7 ते सकाळी 8 काम नाही. आपल्याकडचं ऊन पाहता सकाळी 8 ते 11 पुरे. वयाच्या दाखल्याची प्रत कारखान्यात देऊन ठेवा.

सगळ्यात चांगली जागा म्हणजे तपासणीचं टेबल. रोज पाच टॉवेल त्याच्या हातात द्यायला सांगा. लांबी-रुंदी मोजायची, वजन करायचं. 75 बाय 150 सेंटिमीटरचा टॉवेल म्हणजे 1.125 चौरस मीटर. वजन 450 ग्रॅम भरलं, तर 450 भागिले 1.125, म्हणजे 400 जीएसएम (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन). ऑर्डर 400 ची आणि माल 380 चा निघाला, तर गिऱ्हाईक तो परत करू शकतं. नवी मुलं इथं दोन चुका करतात. पुरता न वाळलेला टॉवेल काट्यावर ठेवला की ओलाव्यानं वजन वाढतं आणि हलका माल पास होतो. मोजताना ताणून धरला की क्षेत्रफळ वाढतं आणि चांगला माल हलका दिसतो. टॉवेल कोरडा हवा, टेबलावर सपाट पसरलेला.

सोबत एक वही : तारीख, माग क्रमांक, दोष, नग. ओढला गेलेला लूप, बाणा (आडवा धागा) तुटल्याची रेघ, तेलाचा डाग, सुटलेली कडेची शिलाई. आठवड्यानं बेरीज केली की एखाद्या मागाचा एकच दोष पुन्हा पुन्हा आलेला दिसेल. मग वही घेऊन त्यानं माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरकाकांना विचारावं, ‘काका, याच मागावर रेघ का येते?’ कारागीर अशा प्रश्नाला मनापासून उत्तर देतात. मला विचाराल तर या दिवसांतलं खरं शिक्षण तेच.

शेवटी तारखा, तास आणि केलेलं काम लिहिलेलं पत्र लेटरहेडवर घ्या. आयटीआयच्या प्रमाणपत्राची जागा ते घेणार नाही. पण फिटर की इलेक्ट्रिशियन हे ठरवताना वही उपयोगी पडेल.

प्रश्न : मुलगी आठवीत, तेरा वर्षांची. तिला शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात पाठवता येईल का?

उत्तर : कामाला नाही. चौदाच्या आत ते बेकायदा आहे. मात्र 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना शिकण्याची कल्पना आहे. मुख्याध्यापकांना भेटून शाळेतर्फेच भेट ठरवा, आणि मुलींना कटिंगचं टेबल नीट पाहू द्या : एका थरात मापं कशी बसवली की कापड कमी वाया जातं, ते तिथं कळतं.