अभिजित, श्रवण आणि जुलैचा पाऊस

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात जपानी भाषा शिकते. तिच्याबरोबर मीही ‘साझाए-सान’ ही जपानी कार्टून मालिका पाहू लागलो. तिच्यातल्या घरात सणवार सतत चालू असतात. ‘तानाबाता’ हा ताऱ्यांचा सण हे लोक ऐन पावसाळ्यात का करतात? पात्रांची वये का वाढत नाहीत? आणि या सगळ्या सणांना तिकडे सुट्टी असते का? — एक वाचक, चिंचवड

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यातच या मालिकेचा गाभा आहे. माचिको हासेगावा यांची ही चित्रकथा 1946 मध्ये वर्तमानपत्रात सुरू झाली आणि 5 ऑक्टोबर 1969 पासून ती दर रविवारी संध्याकाळी दूरचित्रवाणीवर दिसते आहे. इतक्या वर्षांत साझाएचा भाऊ कात्सुओ पाचवीतून सहावीत गेलेला नाही; मात्र ज्या रविवारी मालिका दाखवली जाते, त्या दिवसांतला ऋतू आणि सण पडद्यावरही असतो. फेब्रुवारीच्या आरंभी ‘सेत्सुबुन’ला भाजलेले सोयाबीन फेकून घरातली पीडा बाहेर हाकलतात आणि मग आपल्या वयाइतके दाणे खातात. त्या हिशेबाने कात्सुओच्या वाट्याला दर वर्षी अकराच दाणे येतात. वय थांबलेले आणि वर्ष मात्र फिरत राहिलेले, ही रचना मला फार हृद्य वाटते, कारण प्रेक्षकाचे मूल मोठे होऊन घराबाहेर पडले, तरी त्या घरातला सण जिथल्या तिथे असतो.

आता तानाबाता. विणकाम करणारी ओरिहिमे आणि गुरे राखणारा हिकोबोशी यांची आकाशगंगेने ताटातूट केली असून वर्षातून एकाच रात्री त्यांची भेट होते, अशी ही कथा आहे. हे दोन तारे आपल्या परिचयाचे आहेत : ओरिहिमे म्हणजे आपला अभिजित आणि हिकोबोशी म्हणजे श्रवण. रंगीत कागदाच्या अरुंद पट्टीवर मनातली इच्छा लिहायची, वरच्या टोकाला दोरा ओवायचा आणि ती पट्टी बांबूच्या फांदीला बांधायची, हा मुलांचा आवडता भाग. पाऊस आला तर आकाशगंगेला पूर येऊन भेट हुकते, अशी समजूत असल्यामुळे मुले त्या दिवशी ढगांकडे डोळे लावून बसतात.

मूळ सण सातव्या चांद्रमासाच्या सप्तमीचा, म्हणजे बहुतेक वर्षी आपल्या श्रावण शुद्ध सप्तमीच्या आसपासचा, नागपंचमीनंतर एक-दोन दिवसांचा. तोवर जपानमधला ‘त्सुयु’ हा पावसाळा सरलेला असतो, अर्धा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो आणि पुढे आकाशगंगा स्वच्छ दिसते. परंतु मेइजी सरकारने जुने पंचांग सोडून 1 जानेवारी 1873 पासून आजची कालगणना स्वीकारली आणि ‘सातव्या महिन्याचा सातवा दिवस’ हे शब्द तसेच ठेवून सण 7 जुलैला आणून बसवला. टोकियोत त्सुयु साधारणपणे जुलैच्या मध्यानंतर संपतो. म्हणजे कथा बदलली नाही, तारीख बदलली, आणि त्यामुळे प्रियकर-प्रेयसीच्या भेटीवर कायमचे ढग आले. सेंदाई शहराने यावर स्वतःपुरता तोडगा काढला असून तिथला प्रसिद्ध उत्सव महिनाभर उशिराने, 6 ते 8 ऑगस्टला होतो.

पितरांचा ‘ओबोन’ही बहुतेक ठिकाणी असाच महिनाभर पुढे सरकवून ऑगस्टच्या मध्यावर करतात. काकडीला आणि वांग्याला काड्यांचे चार-चार पाय टोचून घोडा आणि गाय करतात. पितरांनी घोड्यावरून लवकर यावे आणि जाताना गाईवरून सावकाश जावे, हा त्यामागचा भाव आहे. पितृपक्षात पान वाढून कावळ्याची वाट पाहणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. चंद्रदर्शनाचा ‘त्सुकिमी’ मात्र पौर्णिमेशिवाय करताच येत नाही, म्हणून तो आजही चांद्रतिथीनेच ठरतो. एरवी तो बहुधा भाद्रपद पौर्णिमेच्या सुमारास येतो. 2025 मध्ये अधिक महिन्याच्या फरकामुळे तो आणि आपली कोजागरी एकाच दिवशी, 6 ऑक्टोबरला आली होती.

सुट्टीबद्दल थोडक्यात सांगायचे, तर यांपैकी एकाही सणाला राष्ट्रीय सुट्टी नाही. 1948 च्या कायद्याने ठरवलेल्या सुट्ट्या वेगळ्या आहेत. त्यांतला 5 मेचा बालदिन, ज्या सुमारास घरांवर कापडी मासे फडकतात, तो जुन्या सणाशी जुळतो. ओबोनच्या दिवसांत मात्र अनेक कंपन्या आपणहून काम बंद ठेवतात आणि टोकियोहून गावाकडे जाणाऱ्या गाड्या माणसांनी भरून वाहतात. मालिकेतल्या घरात त्या आठवड्यात वडील आणि जावई दोघेही दुपारी घरात दिसले, तर आपल्या मुलीला हे कारण सांगावे.