शिकागोला येताना: संप, घरपट्टी आणि मुलांची शाळा

आपली पुण्याहून शिकागोला बदली होत आहे, मुलगी तिसरीत आणि मुलगा बालवाडीत आहे, आणि तेथील सरकारी शाळांत शिक्षक सारखे संपावर जातात असे ऐकल्यामुळे शहराऐवजी नेपरविलसारखे उपनगर निवडावे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते संपाची भीती अवाजवी आहे. खरी चौकशी करायची ती शाळेचा पैसा कोठून येतो आणि त्यावर कोणाचे चालते याची.

संप झाले हे खरे. 2012 मध्ये शाळेचे सात दिवस बुडाले, आणि तो पंचवीस वर्षांतला शहरातला पहिला शिक्षक संप होता. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये अकरा दिवस बुडाले, तेव्हा माझी मुलगी चौथीत होती. आम्ही दोघांनी आळीपाळीने रजा घेतल्या आणि मनात शिक्षकांवर चरफडलो. नंतर मागण्या वाचल्या, तर पगाराइतकाच आग्रह वर्गातल्या मुलांच्या संख्येवर मर्यादा असावी आणि प्रत्येक शाळेत परिचारिका व समाजसेवक असावेत, यासाठी होता; आमच्याच शाळेत परिचारिका आठवड्यातून मोजकेच दिवस येत असे, हे मला तोवर ठाऊकही नव्हते. तरीही करार लांबवण्यात महापौर आणि संघटना या दोघांचाही हट्ट होता, असेच मला वाटते. मार्च 2023 मध्ये जुन्या पेन्शनसाठी आपल्याकडच्या शाळा बंद पडल्या होत्या, तो संप राज्य सरकारच्या सेवाशर्तींवर, म्हणून राज्यभर होता. येथे शिक्षकांचा करार शाळा-जिल्ह्यागणिक (शाळा-जिल्हा म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था) होतो, म्हणून शिकागोतल्या संपाने नेपरविलच्या शाळा बंद पडत नाहीत. 2025 मधला चार वर्षांचा करार तर संपाविना झाला.

आता पैशाकडे वळू. सरकारी शाळेत फी नसते, पण उपनगरांत शाळेच्या खर्चाचा मोठा वाटा त्या भागातल्या मालमत्ता करातून, म्हणजे आपल्या भाषेत घरपट्टीतून येतो, आणि इलिनॉय हे देशातल्या सर्वाधिक घरपट्टीच्या राज्यांपैकी एक आहे. भाड्याने राहणाऱ्यालाही यातून सुटका नाही, कारण मालक तो कर भाड्यात धरतोच. श्रीमंत वस्तीत कर भरपूर जमतो व शाळा संपन्न होते, गरीब वस्तीत दर चढा लावूनही रक्कम तोकडी पडते. ही दरी बुजवण्यासाठी 2017 मध्ये राज्याने नवे सूत्र आणले, ज्यात वाढीव अनुदान सर्वाधिक तुटीच्या शाळा-जिल्ह्यांना आधी मिळते. दरी मात्र अजून आहे. शिकागोच्या आसपासच्या उपनगरांत शाळेच्या करवाढीला महागाईदर किंवा पाच टक्के यांपैकी कमी असेल तेवढीच मर्यादा आहे, आणि त्याहून अधिक हवे असल्यास मतदारांची संमती घ्यावी लागते. त्या मतदानात आपल्याला स्थान नाही, कारण व्हिसावर राहणारा माणूस कर भरतो, मत देत नाही.

याला शिकागो शहरात एक अपवाद आहे, आणि आपली मंडळी तो क्वचितच सांगतात. 1988 च्या सुधारणा कायद्याने शहरातल्या बहुतेक शाळांना स्थानिक शाळा समिती मिळाली. तीत सहा पालक असतात, समिती मुख्याध्यापकाची निवड करते आणि शाळेचे अंदाजपत्रक मंजूर करते. या समितीसाठी नागरिक नसलेला पालकही मत देऊ शकतो आणि स्वतः उभाही राहू शकतो. 1995 पासून शहराचे शिक्षण मंडळ महापौर नेमत असत; नोव्हेंबर 2024 मध्ये प्रथमच त्यातले काही सदस्य निवडून आले, पण त्या निवडणुकीत नागरिकच मतदान करतात. म्हणजे घरपट्टीवर बोलण्याचा अधिकार नसला, तरी मुलांचा मुख्याध्यापक कोण असावा यावर आपले मत मोजले जाते. हा अधिकार उपनगरात मिळत नाही.

उपनगर वाईट आहे असे नाही. तेथील शाळा शांत आणि सुसज्ज असतात, आणि आपल्या मराठी मंडळींची सोबतही तेथे अधिक आहे. मात्र तेथे पत्ता ठरला की शाळा ठरते, रस्त्याच्या पलीकडे दुसरा शाळा-जिल्हा असू शकतो, म्हणून घर पाहण्याआधी त्या नेमक्या पत्त्याची शाळा विचारा. प्रवेशाच्या वेळी व्हिसा विचारत नाहीत, पत्त्याचा पुरावा मात्र मागतात, तेव्हा भाडेकरार कंपनीच्या नव्हे, आपल्याच नावावर करून घ्या.