अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्र सलग आहे, मग एकाच जातीच्या माशांत ठिकाणागणिक जनुकीय फरक कसा पडतो?

फरक पडतो, पण सगळ्या जातींत सारखा नाही. बरंचसं पिल्लांवर अवलंबून असतं. तिथल्या कित्येक माशांची पिल्लं महिनोन्‌महिने पाण्याबरोबर वाहत राहतात आणि खंडाला पश्चिमेकडून पूर्वेकडे वळसा घालणारा प्रवाह त्यांना दूरवर नेतो. म्हणूनच अंटार्क्टिक सिल्व्हरफिश या माशामध्ये लांबलांबच्या ठिकाणांतही फरक फार थोडा सापडतो.

उलट पॅटागोनियन टूथफिश बघा. दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड आणि साउथ जॉर्जिया या बेटांजवळचे मासे मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भागाच्या) डीएनएवरून स्पष्ट वेगळे ओळखू येतात. मध्ये खोल समुद्र आहे, शिवाय गार आणि त्यामानाने उबदार पाणी जिथे भेटतं ती सीमाही आहे.

(आपल्या पुण्यातल्या गणेश पेठेच्या मासळी बाजारात ताज्या बांगड्याचं कल्ल्यावरचं झाकण उचलून बघा, आत लालभडक दिसतं. तिकडच्या आइसफिशचे कल्ले पांढरट असतात, कारण त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिनच नाही. हा फरक जातीजातींमधला, तुमच्या प्रश्नातला नव्हे, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.)

ठिकाणागणिक पडणारा हा जनुकीय फरक ओळखणं मासेमारीसाठी फार मोलाचं आहे. १९७० च्या आसपास साउथ जॉर्जियाला मार्बल्ड रॉककॉड हा मासा बेसुमार पकडला गेला आणि त्याची संख्या कोसळली. एखाद्या ठिकाणचा गट जनुकीयदृष्ट्या वेगळा असेल, तर शेजारून मासे येऊन ती तूट भरून निघेल असं धरून चालता येत नाही. तिथे किती पकडायचं, ते त्या गटापुरतंच ठरवावं लागतं.